दाराशी एक माणूस हवा

सरांइतका भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. कुत्र्याला भिणारे, साहेबाला भिणारे, बायकोला भिणारे पुष्कळ भेटतात. सर हवेला भीत. साध्या, खोलीतल्या, तुमच्या-आमच्या हवेला. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ते उंबऱ्यावर थबकत, खिडक्या किती आणि त्यांतल्या उघड्या किती हे पाहून घेत, आणि मगच पाय आत टाकत. लग्नाच्या हॉलमध्ये दाराला खेटून असलेली खुर्ची त्यांची. लखनौतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत जेवायला बसताना ते शेवटचं पान धरत, त्यामुळे वरण त्यांच्यापर्यंत येईतो गार झालेलं असे. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकूर केली नाही. मला मात्र राग येई, कारण त्यांच्याबरोबर आलेल्या माणसालाही तिथंच बसावं लागे आणि तो माणूस बहुधा मी असे.

मी साताऱ्याहून लखनौला आले ती दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला, एका प्रकल्पावर सहायक म्हणून. संस्थेचं नाव सांगत नाही. आलमबागच्या पुढे तिची एक बसकी इमारत होती आणि तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा. सर मूळचे अमरावतीकडचे. इतकी वर्षं लखनौत काढून त्यांची हिंदी वऱ्हाडी झाली होती आणि वऱ्हाडी निम्मी हिंदी. मुलाखतीत त्यांनी मला भौतिकशास्त्रातलं एक अक्षर विचारलं नाही.

"पाढे येतात?" ते म्हणाले.

"येतात."

"मोठ्यानं म्हण."

समोर तीन मोठे अधिकारी बसलेले, आणि मी एकोणिसाचा पाढा म्हणतेय. सर डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याला सांगितलं, "आवाज़ अच्छी है. दरवाज़े के बाहर तक जाएगी. इसी को रख लीजिए." माझ्या सुवर्णपदकाची किंमत मला त्या दिवशी कळली.

आमचं काम अतिवाहकांचं. तारेतून वीज वाहते तेव्हा तार तापते आणि त्या तापण्यात बरीच वीज फुकट जाते, हे शाळेत शिकलेलं असतं. काही पदार्थ पुरेसे थंड केले की त्यांचा विरोध संपतो. वीज वाहते आणि काहीच वाया जात नाही. त्यांतला जो प्रकार आमच्याकडे होता त्याला 'उच्च तापमानाचा' अतिवाहक म्हणतात. हे उच्च तापमान शून्याच्या खाली जवळजवळ दोनशे अंश असतं. आमचे टेक्निशियन मिश्राजी यांना हा विनोद कधी पचला नाही. "इसको हाई बोलते हैं, तो लो किसको बोलेंगे, मैडम?" असं ते नव्या माणसाला हटकून ऐकवत. तर या पदार्थाची चंदेरी फीत, त्या फितीची गुंडाळलेली कॉइल, ती बुडवायला द्रवरूप नायट्रोजन, आणि यातून पुढेमागे रेल्वे इंजिनासाठी हलका ट्रान्सफॉर्मर करायचा, असा बेत होता.

सरांना 'शून्य' या शब्दाचा संताप होता. कुणी पाहुणा आला आणि "शून्य तोटा, वाह!" म्हणाला, की ते त्याला खुर्चीवर बसवून समजावत. वीज एकाच दिशेनं वाहिली तर शून्य, मान्य. पण इंजिनाला जी वीज लागते ती सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते, आणि तसं होताना हा गुणी पदार्थही तापतो. थोडासाच. पण तेवढी ऊब काढून टाकायला बाहेर कितीतरी पट वीज जाळावी लागते. "शून्य कोनाच्या बापानं पाह्यलं?" ते म्हणत. "तोटा कुठं जात नाई बाप्पा. तो जागा बदलते. मले फक्त येवढं सांगा, तो आत्ता कुठं बसून राह्यला."

आमच्या खोलीत तो कुठे बसायचा, ते आम्हाला माहीत होतं. कॉइल तापली की नायट्रोजन उकळे. उकळून जो वायू सुटे तो नळीतून मीटरमध्ये जाई, आणि वायू किती सुटला यावरून तोटा किती झाला हे आम्ही काढत असू. मीटरच्या पुढे ती नळी खिडकीतून बाहेर सोडलेली होती.

आता भीतीची गोष्ट. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, तो विषारीही नाही. तुमच्या-आमच्या श्वासात मोठा वाटा त्याचाच असतो. पण बंद खोलीत तो वाढला की प्राणवायूला जागा उरत नाही, आणि हे शरीराला कळत नाही. "धुरात मानूस गुदमरते, खोकते, दाराकडं पळते," सर सांगत. "इथं नाई पळत. इथं त्याले बरं वाटते. हसते. आन् हसता हसता बसते खाली." हे सांगताना त्यांची नजर माझ्यावर नसे, भिंतीवर असे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी जाऊन खोलीची दोन्ही दारं उघडी टाकून झोपले. घरमालकीण ओरडली.

म्हणून त्यांचे दोन नियम होते. पहिला: खोलीत नायट्रोजन असताना जो आत असेल त्यानं सतत मोठ्यानं बोलायचं. काहीही, पण अखंड. दाराबाहेर एक माणूस हवाच आणि त्याचं काम फक्त ऐकणं. मिश्राजी आत असले की उन्नावमधल्या जमिनीवरून मेव्हण्याशी चाललेलं भांडण सांगत. वर्षभरात मला त्या जमिनीची बांधबंदिस्ती पाठ झाली. मी पाककृती सांगे. एकदा पुरण घोटण्यापाशी मी मीटर वाचायला क्षणभर थांबले, तर बाहेरून सरांची आरोळी आली, "काहून गप बसली वं? बोल! पुरनाचं काय झालं?" आत सर असले की ते जुने अपूर्णांकांचे पाढे म्हणत. अडीचकी त्यांची लाडकी. सहा अडीच पंधरा, सात अडीच साडेसतरा, अशी एका सुरात ती वाहत राही आणि बाहेर व्हरांड्यात मला पेंग येई. दुसऱ्या विभागातले लोक आमच्या खोलीला पाठशाळा म्हणत, आणि सरांना त्याहून वाईट काही.

दुसरा नियम: आतला पडला, तरी दारातल्यानं आत जायचं नाही.

हा नियम ते आमच्याकडून वदवून घेत, आणि वेळकाळ पाहत नसत. चहाच्या टपरीवर कुल्हड तोंडाला लावावा, तोच ते विचारत, "मी आत पडलो. तू दारात. काय करशील?"

"मेन स्विच बंद करीन. दार सताड उघडीन. ओरडीन."

"आन्?"

"आत येणार नाही."

"मी डोळ्यासमोर मरून राह्यलो तर?"

"तरी येणार नाही."

"शाबास. घे, बिस्किट घे."

एका लग्नात माझ्या हातात जिलबीची बशी असताना त्यांनी हेच विचारलं. शेजारी उभी असलेली नवरीची मावशी जी निघून गेली ती परत आमच्याकडे फिरकली नाही. मला ते अति वाटे. आपल्या मरणाची अशी उजळणी कुणी करून घेतं का? मी मिश्राजींना म्हटलंही, की यांना माणसं नकोत, शिपाई हवेत. मिश्राजी म्हणाले, "साहब डरपोक हैं, मैडम. लेकिन डरपोक के साथ काम करने वाला बचा रहता है." तेव्हा मी हसले होते.

खोलीत एक भलामोठा कूलर होता. लखनौचा मे-जून ज्यांनी काढलाय त्यांना ते धूड सांगायला नको: खिडकीत बसवलेला पत्र्याचा डबा, वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी, आणि विमान उतरतंय असा आवाज. सर त्याचा मनापासून द्वेष करत. पाणी आणि वीज एका खोलीत नको, दमट हवेनं थंड भांड्यांवर बर्फ धरतो, आणि त्या आवाजात आतल्याचं बोलणं ऐकू येत नाही. कूलर काढा आणि एसी द्या, असे अर्ज त्यांनी वर्षानुवर्षं केले. शेवटी दिल्लीहून प्रकल्प पाहायला समिती येणार म्हटल्यावर एका आठवड्यात एसी आला. पाहुण्यांना घाम येऊ नये म्हणून. कूलर व्हरांड्यात गेला. त्याच्या खिडकीला सुताराने प्लाय ठोकला आणि फटी टेपनं बुजवल्या, कारण एसी लावला की खोली बंद ठेवायची हे लखनौतल्या लहान पोरालाही माहीत असतं. खोली गार झाली, शांत झाली. सर इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी सगळ्यांना समोसे खिलवले.

आमच्या तिघांच्याही ध्यानात एक गोष्ट आली नाही. कूलर चालायचा तेव्हा बाहेरची हवा सारखी आत ढकलायचा आणि आतली दारातून बाहेर घालवायचा. ज्याला सर शिव्या घालत, तोच इतकी वर्षं आम्हाला जिवंत ठेवत होता. आणि वायू बाहेर सोडणारी नळी त्याच खिडकीच्या फटीतून जात होती. सुतार नीटनेटका माणूस. त्याने ती आत ओढून घेतली, छान गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि कपाटामागे ठेवून दिली. मीटरकडचं टोक जागच्या जागी होतं. सरांनी रोजच्यासारखं ते तपासलं.

समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. दुपारची वेळ, बाहेर लू, म्हणजे तिकडचा होरपळवणारा वारा, अशी सुटलेली की व्हरांड्याची फरशी चपलेतून भाजत होती. शेवटचं मोजमाप राहिलं होतं, सगळ्यात जास्त विजेचं, म्हणजे सगळ्यात जास्त तोट्याचं. सर आत गेले. मी दारात. दार नियमाने उघडं हवं, पण गरम झोत आत जात होता.

"थोडं लोटून घे वं," सर आतून म्हणाले.

मी दार लोटलं, फटीला कान लावला. अडीचकी सुरू झाली. भांडं जोरात उकळत असल्याचा आवाज येत होता आणि त्यावरून सरांचा एकसुरी आवाज. ती संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मिश्राजी व्हरांड्याच्या टोकाला जुन्या कूलरच्या टाकीतून पाणी काढत होते.

"सात अडीच साडेसतरा. आठ अडीच वीस. नऊ अडीच... नऊ अडीच..."

मी कान टवकारले.

"नऊ अडीच... जाऊ दे ना. किती का होईना!" आणि सर हसले.

"सर, बाहेर या," मी ओरडले.

"काहून? मस्त गार लागून राह्यलं इथं."

"सर, बाहेर या! आत्ता या!"

"काई होत नाई पोरी," ते लाडानं म्हणाले. "काहून भेते? काई होत नाई."

इतक्या दिवसांत 'काही होत नाही' हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ज्या माणसाला समोशाच्या कागदातही धोका दिसे, तो भीत नव्हता. तेव्हा जी भीती मला वाटली तशी नंतर कधी वाटली नाही, बाळंतपणातही नाही. मी दार लाथेनं उघडलं. सर टेबलाला टेकून उभे होते, चेहऱ्यावर लहान मुलाचं हसू. माझ्याकडे पाहून त्यांनी हात हलवला आणि हळूच खाली बसले. मग आडवे झाले.

मी त्या खोलीचा बाहेरचा मेन स्विच पाडला आणि किंचाळले. मिश्राजी धावत आले, त्यांनी आत पाहिलं, आणि ते सरळ दारातून आत निघाले. मी त्यांच्या शर्टाची कॉलर मागून दोन्ही हातांनी धरली. ते माझ्या दुप्पट. मी जवळजवळ लटकले.

"छोड़िए मैडम! मर जाएँगे साहब!"

"नहीं जाना है!"

"पागल हो गई हैं क्या? सामने पड़े हैं!"

समोर पडले होतेच. एक हात दाराच्या दिशेने लांब केलेला, चष्मा कपाळावर. दहा पावलंही नसतील. माझं सगळं अंग आत धावत होतं आणि हात मात्र कॉलरला चिकटले होते. मी रडत होते आणि ओरडत होते, "कूलर! कूलर लगाइए! कूलर!" मिश्राजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी लिहीत नाही. मग शर्टाची बटणं तुटली, ते वळले, आणि आम्ही दोघांनी ते धूड फरफटत दारासमोर आणलं. व्हरांड्यातल्या बोर्डात पिन खुपसली. कूलर गरजला. तोवर आमचा ओरडा ऐकून संस्थेचा चौकीदार खिडकीच्या बाहेरच्या अंगाला धावला होता. त्याने विटेनं प्लाय फोडला. लूचा लोट कूलरमधून आत आणि खिडकीतून बाहेर वाहू लागला. ज्या वाऱ्याला सगळं शहर शिव्या देत होतं त्याच्यासाठी मी हात जोडले.

किती वेळ थांबलो? मला तो तासभर वाटला, मिश्राजी म्हणतात दोन-चार मिनिटं. मग त्यांनी आपला गमछा पट्ट्याला बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि बोलत आत शिरले. मेव्हण्याची जमीन नव्हे. आपल्या चारही मुलांची नावं ते एकामागून एक ओरडत होते. सरांचे पाय धरून त्यांनी त्यांना ओढत बाहेर आणलं. सर श्वास घेत होते.

दवाखान्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बाकावर माझ्या शेजारी बसल्या. नागपूरच्या, मितभाषी बाई. मला त्यांच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. यांचा नवरा जमिनीवर पडला होता आणि मी वाचवायला जाणाऱ्याला अडवत होते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणारच.

"मिश्रांना तू धरलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कशाला धरलं होतंस?"

"कॉलरला."

त्यांनी मान हलवली. मग पदराशी चाळा करत सांगू लागल्या. लग्नाआधीची गोष्ट, दुसऱ्या शहरातली, दुसऱ्या प्रयोगशाळेतली. असंच एक भांडं, अशीच बंद खोली. एक जण आत पडला. सरांचा मित्र, खोलीतला जोडीदार, त्याला उचलायला आत धावला. सर दारात होते. त्यांनी त्याची बाही पकडली होती. "तो ओरडला, सोड म्हणून. यांनी सोडली," काकू म्हणाल्या. "दोघंही गेले. हे दारात उभे राहिले म्हणून वाचले. लोक भित्रा म्हणाले, ते यांनी मनाला लावून घेतलं नाही. बाही मात्र लावून घेतली."

सर वाचले. हातांना थोडं कंपन राहिलं, बोलणं सावकाश झालं. समिती आली नाही. प्रकल्प वर्षभरात गुंडाळला. कॉइल कपाटात गेली. तोटा अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला होता. निवृत्तीनंतर सर विकास नगरला राहायला गेले. मी लग्न करून लखनौतच राहिले आणि हळूहळू त्यांच्यासारखी होत गेले. हॉटेलात आधी खिडक्या बघते. हिवाळ्यात गॅस गीझरच्या न्हाणीघरात मुलगी असली की बाहेरून तिला बोलायला लावते. "मम्मी, आप पागल हो," ती आतून ओरडते. पागल तर पागल, मी म्हणते, पण ओरडत राहा.

आलमबागमधून मेट्रो धावू लागली त्या हिवाळ्यात मी त्यांना शेवटची भेटले. विसरभोळेपणा फार वाढला होता. बाहेर धुकं आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या. काकू दोन शाली पांघरून स्वयंपाकघरात. सरांनी मला ओळखलं की नाही, कुणास ठाऊक. बराच वेळ ते माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहत होते. तो अपघात त्यांना कधीच आठवला नव्हता. दर भेटीत ते माझ्याकडून ऐकत, आणि दर वेळी एकच गोष्ट विचारत.

"तू आत आलती?"

"नाही, सर."

"शाबास."

पण त्या दिवशी एवढ्यावर भागलं नाही. त्यांचा कापरा हात एकदम पुढे आला आणि माझं मनगट आवळून बसला. एवढी ताकद त्यांच्यात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. डोळे दारावर खिळलेले, आणि त्यांत निव्वळ भय.

"त्याले धर," ते म्हणाले. "तो चालला आत. धर त्याले! बाही नको धरू वं, बाही सुटते!"

मी वळून पाहिलं. दारात धुक्याशिवाय कुणी नव्हतं.

"धरलाय, सर," मी म्हटलं. "कॉलरला धरलाय. सोडत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि माझं मनगट सोडलं.